सिरॉसिसच्या रुग्णाची घरी काळजी कशी घ्यावी: दोन ओपीडींच्या मधल्या दिवसांसाठी

लिव्हर सिरॉसिसचा रुग्ण महिन्या-दीड महिन्यातून एकदा डॉक्टरांसमोर बसतो, तेही गर्दीच्या ओपीडीत पाच-दहा मिनिटं. बाकीचे सगळे दिवस तो घरी असतो. तब्येत बिघडायला सुरुवात होते ती घरीच, आणि ती पहिल्यांदा दिसते घरच्यांना. पोट-यकृताच्या विभागात नर्स म्हणून काम करताना मी हे सतत पाहते. तीन दिवस आधी फोन आला असता तर गोळीचा डोस बदलून भागलं असतं, असा रुग्ण रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समधून येतो.

अमेरिकेत या मधल्या दिवसांसाठी एक वेगळं माणूस असतं. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आज तिथल्या लिव्हर क्लिनिकमध्ये अशी नर्स रुग्णाला स्वतंत्रपणे तपासते, रक्ताचे रिपोर्ट पाहते, पाण्याच्या गोळ्या (साठलेलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या) कमी-जास्त करते, वजन आणि शौचाची चौकशी करते. आपल्याकडे क्रिटिकल केअरसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पण पोट-यकृताच्या विभागात हे पद अजून रुजलेलं नाही. त्यामुळे तिच्या कामातला रोजची नजर ठेवण्याचा भाग बायको, मुलगी, सून, भाऊ यांच्यावर येतो. ते काम नीट कसं करायचं, ते इथे सांगते. औषधांचे डोस ठरवणं मात्र तुमच्या डॉक्टरांचंच काम आहे.

आधी आजार थोडक्यात

दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, मधुमेह आणि वाढलेल्या वजनासोबत येणारं फॅटी लिव्हर, यांपैकी कशामुळेही यकृताला वर्षानुवर्षं इजा होत राहिली की त्यात व्रण साठतात आणि ते कडक होतं. आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या रक्ताची वाट अडते आणि मागे दाब वाढतो. त्या दाबामुळे पोटात पाणी साठतं आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. यकृताने गाळायचा अमोनिया रक्तात राहून मेंदूपर्यंत जातो. घरी लक्ष ठेवायचं ते या तीन गोष्टींवर: पाणी, रक्तस्राव आणि मेंदू. जंतुसंसर्ग झाला की तिन्ही एकदम बिघडू शकतात.

सिरॉसिस म्हणजे दारूच, असं समजून लोक रुग्णाकडे पाहतात. ज्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही अशा कितीतरी बायका आमच्या ओपीडीत मान खाली घालून बसलेल्या असतात. घरच्यांनी तरी ही शंका मनातून काढून टाकावी. आणि ज्याने दारू घेतली, त्यालाही उपचार इतरांइतकेच मिळायला हवेत.

पायरी १: वही सुरू करा

एक शंभर पानी वही आणि एक डिजिटल वजनकाटा, एवढाच खर्च आहे. सकाळी उठल्यावर, शौच-लघवी झाल्यावर, चहाच्याही आधी, रोज साधारण सारख्याच कपड्यांत वजन करायचं. काटा फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही. त्याच ओळीत तीन गोष्टी लिहायच्या: काल शौच कितीदा झालं, झोप कशी होती, वेगळं काय वाटलं. आठवड्यातून एकदा बेंबीवरून टेपने पोटाचा घेर मोजायचा आणि नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते पाहायचं.

एका काकूंनी दाखवलेल्या वहीतल्या तीन ओळी अशा होत्या. सोमवार: ५८.४, शौच दोनदा, झोप बरी. मंगळवार: ५९.१, शौच एकदा, दुपारभर झोपले. बुधवार: ६०, शौच नाही, चहा समोर ठेवून नुसते बसून राहिले. दोन दिवसांत दीड किलोच्या वर वजन, म्हणजे ते पाणी. एवढी चरबी कोणाला दोन दिवसांत चढत नाही. शौच थांबलं आणि लगेच सुस्ती आली, म्हणजे अमोनिया वाढतोय. रविवारी हे रुग्ण भाच्याच्या लग्नाला गेले होते, पंगतीत जेवले आणि लॅक्टुलोजची, म्हणजे शौच साफ ठेवणाऱ्या औषधाची, बाटली घरी राहिली. काकूंनी बुधवारी सकाळीच फोन केला आणि गुरुवारी ओपीडीत आणलं, त्यामुळे ॲडमिट करावं लागलं नाही. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत.

लागोपाठ दोन-तीन दिवस रोज किलोच्या आसपास वजन वाढलं, किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर गेलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. वजन झपाट्याने उतरणंही चांगलं नाही. पाण्याच्या गोळ्या चालू असताना पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो, आणि सूज असेल तर एक किलो, यापेक्षा जास्त उतरू नये. त्यापुढे किडनीवर ताण येतो.

पायरी २: मीठ मोजा

पोटात पाणी असलेल्या रुग्णाला दिवसाला साधारण ५ ग्रॅम मीठ चालतं, म्हणजे सपाट एक लहान चमचा. त्यात पाव, बिस्किटं, बाहेरचं खाणं यांतलं मीठही धरायचं. म्हणून स्वयंपाकात अर्धा ते पाऊण चमचाच वापरायचा. याची सोपी युक्ती अशी: सकाळी तेवढं मीठ एका छोट्या डबीत काढून ठेवा. रुग्णाची भाजी-आमटी मीठ घालण्याआधी वेगळी काढा आणि त्यात डबीतलंच मीठ घाला. डबी संपली की दिवसाचं मीठ संपलं. भाकरी-पोळीच्या पिठात, भातात आणि ताकात मीठ घालायचंच नाही. लिंबू, कोकम, आमचूर, लसूण, आलं, जिरं, कोथिंबीर यांनी चव येते. पहिले पंधरा-वीस दिवस जड जातात, मग जिभेला सवय होते.

पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, खारी, सॉस, इन्स्टंट नूडल्स आणि सुकी मासळी यांत मीठ भरपूर असतं, हे बहुतेकांना माहीत असतं. दोन गोष्टी मात्र लक्षात येत नाहीत. पहिली म्हणजे खायचा सोडा आणि पाण्यात फसफसणारी ॲसिडिटीची पावडर. त्यांतही सोडियमच असतं. गॅस झाला म्हणून दिवसातून दोनदा ती घेणाऱ्याचं पथ्य तिथेच मोडतं.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम घातलेलं असतं. रुग्ण स्पायरोनोलॅक्टोन ही पाण्याची गोळी घेत असेल तर शरीरात पोटॅशियम आधीच साठतं. त्यात हे मीठ घातलं तर हृदयाची लय बिघडू शकते. रोज शहाळं पाजणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, कारण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते रोज देऊ नका. सैंधवाचं म्हणाल तर तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे, त्यामुळे त्याने पथ्य होत नाही.

पाणी पिणं सगळ्यांनीच कमी करायचं नसतं. रक्तातलं सोडियम फार खाली गेलं, साधारण १२५च्या आत, तरच डॉक्टर पाण्यावर मर्यादा घालतात. आणि अळणी म्हणून रुग्ण जेवेनासाच झाला, तर पथ्य थोडं सैल करा, पण जेवू घाला.

पायरी ३: उपाशी ठेवू नका

सिरॉसिसच्या रुग्णाचे दंड आणि मांड्या बारीक होत जातात आणि पोट तेवढं पुढे येतं. यकृतात साखरेचा साठा उरत नाही, म्हणून रात्रभराच्या उपवासात शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. निरोगी माणसाच्या शरीरात हे व्हायला दोन-तीन दिवसांचा उपास लागतो. तेव्हा एकादशी, चतुर्थी, नवरात्र, श्रावणी सोमवार हे सगळे उपास बंद. आजीला हे पटवणं सोपं नसतं. 'डॉक्टरांनी शपथ घातली आहे' एवढं सांगितलं तरी पुष्कळदा काम होतं.

दर तीन-चार तासांनी थोडं खायला द्या, आणि झोपण्यापूर्वी एक छोटं खाणं न चुकता. दुधात शिजवलेली नाचणीची खीर, दूध-पोळी, दूध-पोहे, राजगिऱ्याची चिक्की आणि कपभर दूध, यांतलं काहीही चालेल. या एका सवयीने स्नायू टिकायला चांगली मदत होते, आणि त्याला फारसा खर्चही नाही.

प्रथिनं बंद करा, डाळ देऊ नका, अंडं बंद, हा सल्ला जुना झाला. आज सांगितलं जातं ते उलट: वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. पाण्याचं वजन वगळून ६० किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा, पेलाभर दुधातून सहा-सात. म्हणजे दोन वेळच्या वरणावर भागत नाही. मूग, मटकी, चवळी, दही, पनीर, सोयाबीन आणि चालत असेल तर मासे-चिकनही लागतं. सुस्ती किंवा गोंधळ वाढला तरी घरच्यांनी प्रथिनं तोडू नयेत. मासे-चिकन जड वाटत असेल तर त्याऐवजी डाळी आणि दुधाचं प्रमाण वाढवावं.

कोकण आणि गोव्याकडच्या घरांसाठी एक खास सूचना. कालवं, तिसऱ्या, शिंपल्या अर्धवट शिजवून कधीही देऊ नका. कच्च्या शिंपल्यांमधले काही जंतू सिरॉसिसच्या रुग्णाच्या जिवावर बेततात. पूर्ण उकळून शिजवलेलं असेल तरच.

पायरी ४: औषधं काय करतात ते जाणून द्या

पाण्याच्या गोळ्या, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड, सकाळी द्या, नाहीतर रात्रभर लघवीला उठावं लागतं. उलट्या-जुलाब सुरू झाले, ताप आला किंवा खाणं बंद झालं, तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा. अंगात पाणी कमी असताना या गोळ्या किडनीला मारक ठरतात. स्पायरोनोलॅक्टोनमुळे काही पुरुषांची छाती दुखते आणि वाढते. लाजेने ते कोणाला सांगत नाहीत आणि गोळी गुपचूप बंद करतात. हा ज्ञात दुष्परिणाम आहे आणि त्यावर दुसरी गोळी देता येते, म्हणून घरच्यांनी आपणहून विचारावं. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी) या तपासण्या सांगितलेल्या तारखेला करायच्याच.

कार्वेडिलोल किंवा प्रोप्रानोलोल ही गोळी बीपीची म्हणून ओळखली जाते. रुग्णाला बीपी नसलं की घरचे ती बंद करतात. इथे ती फुगलेल्या शिरांमधला दाब उतरवून रक्तस्राव टाळण्यासाठी दिलेली असते. चक्कर येत असेल किंवा वरचं बीपी ९०च्या खाली असेल, तर गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

लॅक्टुलोज सगळ्यात जास्त वेळा बंद होतं, कारण 'जुलाब होतात'. ते व्हावेत म्हणूनच ते औषध आहे. आतड्यातला अमोनिया शौचावाटे बाहेर काढायचा असतो. लक्ष्य आहे दिवसाला दोन ते तीन मऊसर शौच. एकच झालं तर डोस वाढवायचा, पाच-सहा पातळ झाले तर कमी करायचा. किती मिलिलिटरने वाढवायचा-घटवायचा, ते डॉक्टरांकडून आधीच वहीत लिहून घ्या. चव फार गोड असते. थंड पाण्यात लिंबू पिळून त्यात मिसळलं की उतरतं. सोबत रिफाक्सिमिन (आतड्यातल्या जंतूंवरचं अँटिबायोटिक) दिलं असेल तर ते ठरलेल्या वेळी, खंड न पाडता द्यावं.

पायरी ५: मेंदूवरचा परिणाम लवकर ओळखा

बेशुद्धी ही शेवटची पायरी झाली. त्याआधी कितीतरी दिवस खुणा दिसत असतात आणि घरच्यांना वाटतं, आजारपणाने चिडचिडे झालेत. दिवसा पेंग आणि रात्री टक्क जागं, ही पहिली खूण. मग सही वेडीवाकडी येते, सुटे पैसे मोजताना गडबड होते, टीव्हीवरच्या मालिकेत काय चाललंय ते कळत नाही, बटणं खालीवर लागतात. नेहमी मोजकं बोलणारा माणूस अचानक कोणावरही ओरडतो. हे सगळं वहीत लिहा.

शंका आली तर दोन चाचण्या घरी करता येतात. दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगा, तळवे पुढे आणि बोटं फाकलेली. पंजे मधूनच खाली गळून पुन्हा वर येत असतील तर ती ठळक खूण आहे. दुसरी म्हणजे एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायला लावा. दहाचाही आकडा गाठता आला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तब्येत बरी असताना एकदा ही चाचणी करून आकडा वहीत लिहून ठेवला, तर पुढे तुलना करता येते.

असं झालं की कारण शोधायचं: बद्धकोष्ठता, ताप, काळी शौच, जुलाब, झोपेची गोळी. झोप येत नाही म्हणून कोणीतरी सुचवलेली अल्प्राझोलामची गोळी अशा रुग्णाला कधीही देऊ नका. गाडीची किल्लीही काढून घ्या. स्कूटर चालवणारा माणूस याला कडाडून विरोध करतो, पण प्रतिक्रिया मंदावल्याचं त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही.

पायरी ६: काय घ्यायचं नाही

कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी या रुग्णांच्या किडनीला घातक आहे आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढवते. दुखण्या-तापाला पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित, पण दिवसभरात २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त चार गोळ्या, त्याही डॉक्टरांना विचारून. तापाला मात्र गोळी देऊन गप्प बसू नका. त्याबद्दल पुढे येतंच.

झाडपाल्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. काविळीवर गावोगाव औषध देणारे असतात आणि ओळखीतलं कोणी ना कोणी त्यांच्याकडे 'बरं झालेलं' असतं. हिपॅटायटिस ए किंवा ईची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, श्रेय औषधाला जातं. सिरॉसिसची कावीळ तशी नसते. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण ज्याच्या यकृतात राखीव ताकदच उरलेली नाही, त्याच्यावर हा प्रयोग कशाला? काही सुरू असेल तर रागावण्याच्या भीतीने लपवू नका. पाकीट ओपीडीत घेऊन या.

दारू पूर्ण बंद, बिअर-वाइनसुद्धा. मात्र रोज पिणाऱ्याने एका दिवसात सोडली तर थरथर, भास, फिट येऊ शकतात, म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखाली करावं. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात ठिकठिकाणी होतात.

पायरी ७: या खुणा दिसल्या की लगेच निघा

रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच झाली, तर १०८ला फोन करा. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवा, तोंडाने काही देऊ नका, पाणीही नाही. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती चिकट नसते. फरक कळत नसेल तर रक्तस्रावच धरून चाला. शक्यतो थेट अशा रुग्णालयात न्या जिथे दुर्बिणीने शिरांना रबर बँड लावण्याची सोय आहे. असं जवळचं रुग्णालय कोणतं, ते आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पोटात पाणी असताना ताप येणं, पोट दुखणं किंवा नुसतंच अचानक गळून जाणं, ही त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाल्याची खूण असू शकते. सुईने थोडं पाणी काढून पांढऱ्या पेशी मोजतात. त्यातल्या न्यूट्रोफिल्स घनमिलिमीटरला २५० किंवा त्यापेक्षा जास्त निघाल्या की लगेच अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. सकाळपर्यंत थांबू नका. लघवी अगदी कमी होणं, डोळे अचानक जास्त पिवळे होणं, हाक मारली तरी नीट जागं न होणं, बेंबीजवळचा हर्निया दुखून कडक होणं, यांसाठीही त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पायरी ८: तपासण्यांच्या तारखा सांभाळा

दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, बरेचदा जोडीला एएफपी ही रक्ततपासणी. सिरॉसिसमध्ये यकृताच्या कॅन्सरचा धोका असतो आणि तो छोटा असताना सापडला तर उपचार होतात. दुर्बिणीने बँड लावले असतील तर शिरा बसेपर्यंत साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. रक्त थांबलं म्हणून पुढची तारीख चुकवू नका. बँडनंतर काही दिवस मऊ भात, खिमट, पेज असंच द्यायचं.

पाणी काढल्यावर ते पुन्हा भरतं, म्हणून काढूच नये, ही समजूत खरी नाही. श्वास कोंडत असेल, जेवण जात नसेल, तर काढायलाच हवं. पाच लिटरच्या वर काढलं तर प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) शिरेतून देतात. २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम असतं. म्हणजे आठ लिटर पाण्याला अडीच-तीन बाटल्या. बाटली महाग असते, म्हणून आधीच हिशेब करून ठेवा, आणि पैशांसाठी ती टाळायची वेळ आली तर तसं मोकळेपणाने सांगा.

कारण हिपॅटायटिस बी असेल तर जोडीदार, मुलं आणि भावंडांची तपासणी करा, आणि ज्यांना संसर्ग नाही पण संरक्षणही नाही त्यांना लस द्या. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

पायरी ९: ट्रान्सप्लांटबद्दल वेळेत विचारा

पाणी वारंवार भरायला लागलं, रक्ताची उलटी झाली, मेंदूवर परिणाम झाला किंवा कावीळ चढत चालली, यांपैकी एक गोष्ट घडली की डॉक्टरांना थेट विचारा: 'मेल्ड स्कोअर किती आहे? ट्रान्सप्लांटच्या टीमला दाखवायची वेळ आली का?' आजार किती गंभीर आहे ते सांगणारा हा स्कोअर बिलिरुबिन (कावीळ), आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिन आणि सोडियम यांवरून काढतात. लोक हा प्रश्न फार उशिरा विचारतात. तोवर स्नायू इतके गेलेले असतात की ऑपरेशन झेपत नाही. दाखवायला जाणं म्हणजे ऑपरेशन ठरणं नव्हे. मेंदूमृत दात्याकडून यकृत मिळण्यासाठी रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नोंदणी होते. जिवंत दाता शक्यतो जवळच्या नात्यातला असतो आणि त्याच्या यकृताचा फक्त भाग घेतात.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि रुग्णालयातला समाजसेवा विभाग यांच्याकडेही अर्ज करता येतो. हे कागद ॲडमिट असतानाच्या धावपळीत जमवायला फार त्रास होतो. म्हणून एक पिशवी भरून दाराजवळ ठेवा: आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, दुर्बिणीचा आणि सोनोग्राफीचा ताजा रिपोर्ट, रक्तगट, चालू औषधांची यादी, आणि सगळ्यात वर ती वही. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी रुग्णाला आधी पाहिलेलं नसतं. वहीतली शेवटची दोन पानं त्यांना फाइलपेक्षा लवकर वाचून होतात.